शांतीचा पहारा : आत्मिक संघर्षात अंतःकरण कसे राखावे

पवित्र मिस्सामध्ये प्रभूने शिकवलेली प्रार्थना संपते ती वाइटापासून सुटका मागून. धर्मगुरू तोच धागा हाती घेऊन पुढे जातात, सर्व अरिष्टांपासून सुटका आणि आपल्या दिवसांत शांती अशी दुहेरी याचना करतात. त्यानंतर भाविक एकमेकांना शांती देतात आणि मग ख्रिस्तप्रसादासाठी वेदीकडे जातात. हा क्रम सहज जुळून आलेला नाही. दुष्टाशी असलेला झगडा आणि ख्रिस्ताची शांती या दोन गोष्टी ख्रिस्तसभेने उपासनेत एकमेकींना लागूनच ठेवल्या आहेत. आपण मात्र त्या वेगळ्या करतो. झगडा संपेल तेव्हा शांती मिळेल, असे धरून चालतो आणि झगडा काही संपत नाही म्हणून खचतो.

याला आपली भाषाही थोडीशी कारण असावी. मराठीत ‘शांत’ म्हणजे आवाज, हालचाल, कटकट नसलेले. घर शांत आहे म्हणजे मुले झोपली आहेत. ‘शांत करणे’ म्हणजे खवळलेल्याची समजूत घालणे. बायबलमधील ‘शालोम’ या हिब्रू शब्दाचा गाभा वेगळा आहे. त्यात पूर्णत्व आहे, भंगलेले सांधले जाणे आहे, देवाशी, शेजाऱ्याशी आणि स्वतःशी जुळलेले नाते आहे. प्रभू येशूने शिष्यांना आपली शांती दिली ती शेवटच्या भोजनाच्या रात्री (योहान १४:२७). त्याच रात्री पुढे गेथशेमानीचा बाग होता, अटक होती, पेत्राचा नकार होता. जगाच्या देण्यासारखे हे देणे नाही, असे प्रभूने तेव्हाच बजावून ठेवले. पुनरुत्थानानंतर बंद दाराआड घाबरून बसलेल्या शिष्यांना त्याने पुन्हा शांती दिली आणि लगोलग हातांवरच्या व कुशीतल्या जखमा दाखवल्या (योहान २०:१९-२०). दि. ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यावर पोप लिओ चौदावे यांनी सज्जातून जगाला केलेले पहिले अभिवादन हेच होते, पुनरुत्थित प्रभूच्या शांतीचे.

ज्या शांतीविषयी आपण येथे बोलणार आहोत, तिच्या अंगावर अशा जखमांच्या खुणा आहेत.

पहारा कोणाचा?

संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:६-७) एक विलक्षण क्रियापद योजले आहे. कशाचीही चिंता न करता प्रार्थना, विनवणी आणि आभार यांतून आपले मागणे देवापुढे मांडावे, म्हणजे सर्व बुद्धीपलीकडची देवाची शांती अंतःकरणे आणि विचार यांचे रक्षण करील, असे तो सांगतो. ‘रक्षण करील’ यासाठी मूळ ग्रीक शब्द लष्करी आहे. शहराच्या वेशीवर तुकडी पहारा देते, त्या अर्थाचा. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, तेथे निवृत्त सैनिकांची घराणी वसलेली होती, त्यामुळे हा शब्द तेथील वाचकांना समजावून सांगावा लागला नसेल. आणि तो लिहिणारा स्वतः बेड्यांत होता, त्याच्यावरही पहारेकरी नेमलेले होते.

बारकाईने पाहिले तर येथे आपली नेहमीची समजूत उलटी होते. ‘मनाची शांती जपा’ असे आपण एकमेकांना सांगतो, जणू ती काचेची वस्तू आहे आणि तिला धक्का लागू न देणे हे आपले काम. पौल म्हणतो की शांतीच आपल्याला जपते, दारात उभी राहते. मग आपल्याकडे काम उरते ते एवढेच, की आतून कडी काढून शत्रूला घरात घेऊ नये. हे ‘एवढेच’ सोपे मात्र नाही. शत्रू दारावर लाथा मारून क्वचितच येतो. तो बहुधा ओळखीच्या आवाजात हाक मारतो, कधी कधी तर धार्मिकतेच्या आवाजातही.

या आवाजांची पारख करण्याची पद्धत ख्रिस्तसभेला अनेक संतांकडून मिळाली आहे. त्यांतील सर्वांत नेटकी मांडणी लोयोलाच्या संत इग्नेशियसची आहे, आणि ती त्यांना ग्रंथालयात सापडलेली नाही.

मानरेसा, १५२२

इग्नेशियस हे स्पेनमधील बास्क प्रांतातील सरदार घराण्यातले. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्याचा बचाव करताना तोफगोळ्याने त्यांच्या पायाचा चुराडा झाला. घरी अंथरुणावर पडून असताना करमणुकीसाठी त्यांना शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. दोन्ही प्रकारची स्वप्ने ते पाहू लागले. दरबारातील मानमरातब आणि एका थोर स्त्रीची सेवा यांचे मनोरथ चालू असेतो गोड वाटत, संपले की मन कोरडे पडे. संतांप्रमाणे कठोर जीवन जगण्याचे मनोरथ चालू असतानाही आनंद देत आणि संपल्यावरही तो आनंद रेंगाळे. हा फरक एके दिवशी त्यांच्या ध्यानात आला. पुढे विकसित झालेल्या साऱ्या शिकवणुकीचे बीज या साध्या निरीक्षणात आहे. विचार येतो तेव्हा कसा वाटतो यापेक्षा तो निघून जाताना मागे काय ठेवून जातो, ते पाहावे.

मार्च १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्यांनी तीन दिवस लिहून-आठवून संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन केले, तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि जवळच्या मानरेसा या गावी आले. काही दिवसांसाठी आले होते, राहिले सुमारे दहा-अकरा महिने. पहिले काही महिने मन प्रसन्न होते. मग एके दिवशी आतून प्रश्न उमटला, की असले खडतर जीवन आणखी सत्तर वर्षे तू कसे काढणार? इग्नेशियसने त्या आवाजालाच उलट विचारले, की मला एक तासाचे तरी आयुष्य देण्याचे वचन तू देऊ शकतोस का? आवाज गप्प झाला. आत्मिक संघर्षातील पहिला धडा हा. मोह बहुधा ‘आज’विषयी बोलतच नाही, तो पुढच्या सत्तर वर्षांचा डोंगर एकदम डोक्यावर ठेवतो. कृपा मात्र दिवसापुरती असते, आणि प्रभूच्या प्रार्थनेतही आपण भाकर आजचीच मागतो.

खरा झगडा त्यापुढचा. मोन्सेरातचे पापनिवेदन पूर्ण झाले की नाही, अशी शंका त्यांना येऊ लागली. त्यांनी पुन्हा पापनिवेदन केले. समाधान झाले नाही. एका जाणकार धर्मगुरूच्या सल्ल्याने सारे काही लिहून काढले. शंका परत आल्या, पूर्वीपेक्षा बारीक होऊन. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगा, असे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले, पण इग्नेशियसना तर सारेच स्पष्ट वाटत होते! जुने काहीही सांगू नका, असा ख्रिस्ताच्या नावाने सरळ हुकूमच या धर्मगुरूंनी द्यावा, असे त्यांना मनातून वाटे, पण ते बोलून दाखवण्याचे धैर्य होत नव्हते. दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, मध्यरात्री उठणे हे सारे चालू होते, तरी मनाला उसंत नव्हती. जीवन संपवून टाकावे, असा मोह त्यांना या दिवसांत वारंवार आणि जोराने होत असे. देवाचा अपमान होईल असे काहीही मी करणार नाही, असे ते मोठ्याने ओरडत. शेवटी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. ते कळताच धर्मगुरूंनी उपवास सोडायला लावला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पापांची साखळी पुन्हा सुरू, एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे.

मग एका क्षणी, झोपेतून जागे व्हावे तसे, त्यांना दिसले की ही साखळी ओढणारा हात देवाचा नाही. लोयोलातील अंथरुणावर शिकलेला धडा त्यांनी येथे लावला. हे विचार कोठून आले आणि कोठे नेत आहेत? ते नेत होते घृणेकडे, प्रार्थना सोडण्याकडे, जीवनाच्या तिटकाऱ्याकडे. त्या दिवसापासून जुन्या पापांचे पुनर्निवेदन करायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि त्या शंकांतून ते मुक्त झाले. हे सारे त्यांनी स्वतःच १५५३ ते १५५५ या काळात लुईस गोन्साल्विस द कामारा या सहकाऱ्याला सांगून ठेवले आहे, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

संतांच्या चरित्रांतून चमत्कार सांगण्याची आपल्याला हौस असते. मानरेसाचे हे महिने प्रवचनांत फारसे येत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. दर शनिवारी तेच पाप पुन्हा सांगायला येणारा, क्षमा मिळूनही क्षमा न मानणारा भाविक प्रत्येक धर्मग्रामात असतो. त्याला आपला संत येथे सापडला असता.

स्पंज आणि दगड

मानरेसाच्या टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक आकाराला आले. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली त्याला मान्यता दिली. ते वाचण्याचे पुस्तक नव्हे, करण्याचे आहे. येशू संघाच्या प्रत्येक नव्या सभासदाला ही साधना तीस दिवस करावी लागते. १५४२ साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर याच साधनेतून घडले होते. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ देऊन मराठीला धन्य करणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही त्याच संघाचे. म्हणजे ही शिकवण आपल्या किनाऱ्यावर चार शतकांहून अधिक काळ आहे, जरी तिचे नाव अनेकांनी ऐकलेले नसले तरी.

या पुस्तकात आत्म्यांची पारख करण्याचे नियम आहेत. देवाकडे ओढ वाटणे, श्रद्धा-आशा-प्रीती वाढणे, अंतर्यामी स्वस्थता असणे, या अवस्थेला इग्नेशियस ‘सांत्वन’ म्हणतात. याउलट आत काळोख, खळबळ, हलक्या गोष्टींकडे ओढा, आळस, देवापासून तुटल्याची भावना, तिला आपण ‘विषण्णता’ म्हणू. दोन्ही अवस्था येतात आणि जातात. विषण्णता आली म्हणजे आपण पापी ठरलो असे नाही. ती येण्याची तीन कारणे ते देतात. कधी आपणच साधनेत हयगय केलेली असते. कधी देव आपली पारख करतो, की गोडवा नसतानाही हा सेवेत टिकतो का. आणि कधी देवाला एवढेच शिकवायचे असते, की सांत्वन ही आपली कमाई नव्हे, त्याचे दान आहे. पहिले कारण असेल तर दुरुस्ती करावी, उरलेल्या दोहोंत थांबावे.

आणि मग सर्वांत प्रसिद्ध नियम : विषण्णतेच्या काळात कोणताही निर्णय बदलू नये. सांत्वनाच्या वेळी, किंवा त्यापूर्वी, जे ठरवले होते त्याला धरून राहावे. कारण उजेडात आपला सल्लागार पवित्र आत्मा असतो, तर काळोखात सल्ला देणारा दुसराच कोणी असतो.

हा नियम मठवासीयांपुरता नाही. रात्री अकरा वाजता, भावाशी बांधावरून कडाक्याचे भांडण झाल्यावर, ‘आता या घराची पायरी चढणार नाही’ असे ठरते. धर्मग्राम समितीत अपमान झाला म्हणून त्याच रात्री राजीनामा लिहिला जातो. प्रार्थनेत तीन महिने काही ‘वाटले’ नाही म्हणून जपमाळ खुंटीला लागते. धर्मगुरू वा धर्मभगिनींच्या पाचारणाविषयीचे निर्णयही अशाच काळोख्या आठवड्यात उलटतात. निर्णय चुकीचाच असतो असे नाही. राजीनामा देणे कदाचित योग्यही असेल. पण तो सकाळी, प्रार्थनेनंतर, मन निवळल्यावर लिहावा. तेव्हाही तो योग्य वाटला तर त्यात शांती असेल.

निर्णय बदलू नये, पण स्वतःला बदलावे, असे इग्नेशियस पुढे सुचवतात. विषण्णता प्रार्थना तोडायला सांगत असेल तर प्रार्थना थोडी वाढवावी. तासभराची प्रार्थना ठरली असेल आणि ती रखरखीत वाटत असेल, तर तासावर आणखी थोडा वेळ बसावे. दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना असेल तर अकरा मिनिटे करावी, एवढा हा साधा हिशेब आहे. शत्रूला कळते की इथे ओढले की माणूस उलट दिशेने जातो.

आवाज ओळखायची त्यांची खूण फार सुंदर आहे. जो देवाकडे वाटचाल करतो आहे, त्याच्या अंतःकरणात पवित्र प्रेरणा शिरते ती पाण्याचा थेंब स्पंजमध्ये शिरावा तशी, हळुवार, आवाज न करता. दुष्ट प्रेरणा येते ती थेंब दगडावर आपटावा तशी, तडतडत. पण यापुढचे वाक्य अनेक जण वाचत नाहीत. जो देवापासून दूर चालला आहे, त्याच्या बाबतीत हे नेमके उलट घडते. तेथे दुष्ट प्रेरणा स्वतःच्या घरात यावी तशी गुपचूप येते, आणि खडखडाट करतो तो पवित्र आत्मा.

टोचणी आणि खडा

म्हणूनच ‘मला शांत वाटते’ हा प्रत्येक वेळी पुरावा होत नाही. कामगाराची मजुरी बुडवून, बहिणीचा वाटा लाटून एखाद्याला गाढ झोप लागत असेल, तर ती ख्रिस्ताची शांती नव्हे. अशा माणसाची झोप मोडणे हीच त्याच्यावरची कृपा. शांती राखण्याच्या नावाखाली सदसद्विवेकबुद्धीच्या तोंडावर हात ठेवू नये.

मग खरी टोचणी आणि नुसती शंका यांतला फरक कसा ओळखावा? खरा पश्चात्ताप नाव घेऊन बोलतो. हे कृत्य, या व्यक्तीविरुद्ध, त्या दिवशी. तो दुखावतो, पण कोठे जायचे ते दाखवतो, म्हणजे पापनिवेदनाकडे आणि ज्याचे नुकसान केले त्याच्या दाराकडे. तेथे जाऊन आलो की तो शमतो. उलट, शंकेला ठिकाण नसते. ‘काहीतरी राहून गेले’, ‘नीट सांगितले नाही’, ‘देवाने खरेच क्षमा केली असेल का’. लॅटिनमध्ये तिला ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे टोकदार बारीक खडा म्हणतात. चपलेत अडकलेल्या खड्यासारखा तो प्रत्येक पावलाला टोचतो आणि कोठेही पोहोचू देत नाही.

इग्नेशियस एक उदाहरण देतात. वाटेत दोन काड्या एकमेकींवर पडून क्रूस झाला आहे आणि चालताना त्यावर नकळत पाय पडला. आपण पाप केले, असा कोणी निष्कर्ष काढला तर ती केवळ चुकीची समजूत आहे. पण त्यानंतर ‘पाप झाले, नाही झाले, झाले’ असे मन हेलकावत राहिले, तर तो खरा शंकेचा मोह. पुढचे निरीक्षण अधिक मोलाचे. शत्रू माणूस पाहून डाव टाकतो. ज्याचे मन जाड आहे त्याचे तो अधिक जाड करतो, म्हणजे मोठे पापही त्याला किरकोळ वाटते. ज्याचे मन नाजूक आहे त्याचे इतके नाजूक करतो, की जेथे पाप नाही तेथेही त्याला दिसावे. म्हणून उपायही वेगवेगळा हवा. पहिल्याने कठोर आत्मपरीक्षण करावे. दुसऱ्याला मात्र आणखी आत्मपरीक्षण सांगणे म्हणजे आगीवर तूप. त्याने एकच धर्मगुरू निवडावेत आणि त्यांचा शब्द मानावा.

‘ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास संकट येईल’ असे संदेश मोबाइलवर फिरतात आणि आपले भाविकही ते श्रद्धेने पुढे ढकलतात. या संदेशांत थेंब दगडावर आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. देव धमकी देऊन प्रार्थना करून घेत नाही. ते निर्धास्तपणे पुसून टाकावेत.

हिरकणीची वाट

शत्रू कसा वागतो हे सांगताना या माजी सैनिकाला किल्ला आठवतो, यात नवल नाही. कसलेला सेनापती किल्ल्याभोवती फिरतो, कोठे तट कच्चा आहे ते हेरतो आणि तेथेच हल्ला चढवतो. महाराष्ट्रात हा दृष्टान्त फोड करून सांगावा लागत नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली असते. महाराजांनी तिचा सन्मान तर केलाच, पण जेथून ती उतरली नेमका तेथे बुरूज बांधला. वर्षानुवर्षे अभेद्य वाटलेल्या कड्यात एक वाट आहे हे एका रात्रीत कळले, आणि कळल्यावर ती जागा तशीच ठेवली गेली नाही.

रोजच्या आत्मपरीक्षणाचा खरा उपयोग हा. दिवसभरातील पापांची यादी करणे एवढाच तो नाही. आज मन कोठे ढळले, कोणत्या वेळी, कोणाच्या बोलण्याने, थकलो असताना की एकटे असताना, हे पाहायचे. महिनाभर पाहिले की वाट सापडते. कोणाची ती मत्सराची असते, शेजारी नवी गाडी आली की उघडणारी. कोणाची पैशाच्या काळजीची. कोणाची जुन्या अपमानाची. बुरूज तेथे बांधायचा, इतरत्र नव्हे.

आणखी एक गोष्ट ते ठासून सांगतात. शत्रूला गुप्तता हवी असते. एखाद्या मुलीला फसवू पाहणारा लबाड पुरुष जसा ‘घरी सांगू नकोस’ असे बजावतो, तसा. मुलीने वडिलांना सांगितले की त्याचा बेत तेथेच फसतो. म्हणून जो विचार कोणालाही सांगू नये असे आतून बजावले जाते, तोच आधी सांगावा. पापनिवेदनात, आत्मिक मार्गदर्शकाला, जाणत्या धर्मभगिनीला, किंवा घरातील विश्वासू मोठ्या माणसाला. मानरेसामध्ये इग्नेशियस सांगू धजले नाहीत ते एक वाक्य आठवा.

पॅरिसमधला विद्यार्थी, लिझ्यूची भगिनी

१५८६ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये शिकणारा एकोणीस वर्षांचा एक तरुण भयंकर विचाराने ग्रासला गेला. आपला सर्वनाश देवाने आधीच ठरवून ठेवला असेल तर? सुमारे सहा आठवडे त्याला अन्न गोड लागेना, झोप येईना. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून त्याने ठरवले, की पुढे काय होईल ते देवाच्या हाती, या जन्मी मात्र मी त्याच्यावर प्रीती करणार. भीती तेथेच गळून पडली. प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते, प्रश्नाची पकड सुटली होती. हाच तरुण पुढे जिनिव्हाचा बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स झाला. १६०९ साली संसारी माणसांसाठी त्यांनी लिहिलेल्या भक्तिमय जीवनाच्या मार्गदर्शिकेत मनाच्या अस्वस्थतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पाप वगळता आत्म्यावर येणारे सर्वांत मोठे अरिष्ट म्हणून ते अस्वस्थतेकडे बोट दाखवतात. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी जितका फडफडतो तितका गुरफटतो, हे त्यांचे निरीक्षण. संकटातून सुटण्याची इच्छा वाईट नाही. फडफड वाईट.

बाळ येशूच्या संत तेरेजाचा अनुभव आणखी खोल. १८९६ च्या पास्काच्या सणापासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी मृत्यू येईपर्यंत स्वर्ग आहे की नाही, या अंधाराने तिला वेढले होते, आणि त्यात क्षयरोग. तिने वाद घातला नाही. शंका आली की ती तिच्याशी न बोलता येशूकडे वळे, श्रद्धा पुन्हा स्वीकारी. श्रद्धांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला होता. सोबतच्या भगिनींना ती हसतमुख दिसे. कोलकात्याच्या संत तेरेजांच्या पत्रांतून २००७ साली जगाला कळलेला दीर्घ अंधारही याच जातीचा. सुख वाटणे आणि शांतीत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची याहून भक्कम साक्ष मला ठाऊक नाही.

डॉक्टरकडे जाणे हाही विश्वासच

येथे थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. वर सांगितलेली विषण्णता आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी एक नव्हेत, जरी त्या एकाच माणसात एकत्र असू शकतात. झोप, भूक, काम आठवड्यांमागून आठवडे बिघडले असेल, हात धुणे वा पाप आठवणे थांबतच नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर धर्मगुरूंबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. सतत छळणाऱ्या शंका कित्येकदा उपचाराने बऱ्या होणाऱ्या विकाराचा भाग असतात. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना आपण असे म्हणत नाही. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येते. जीवन संपवण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला उपदेश करू नये, एकटे सोडू नये. मानरेसामध्ये तो मोह ज्याला झाला, तो आज वेदीवर आहे.

तसेच, प्रत्येक डोकेदुखी आणि प्रत्येक कौटुंबिक कलह यांमागे दुष्टात्मा आहे असे सांगत फिरणाऱ्यांपासून सावध असावे. सैतान खरा आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ च्या पवित्रतेविषयीच्या पत्रात त्याला केवळ कल्पना वा रूपक मानू नका, असे बजावले होते. पण भूतनिवारणाचा विधी बिशपांनी खास परवानगी दिलेल्या धर्मगुरूंनीच करायचा असतो, तोही पूर्ण शहानिशा करून. भीतीचा बाजार मांडणारा शांती देऊ शकत नाही.

त्याच पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ अखेरीपासून बुधवारच्या भेटींत आत्मिक पारख या विषयावर धर्मशिक्षणमाला दिली. विषण्णतेवरही तीत ते सविस्तर बोलले. नियम वाचायला ज्यांना कठीण वाटतात त्यांनी ती वाचावी. उपवासकाळाच्या आरंभी हे वाचन एखाद्या प्रार्थना गटाला करता येईल.

इग्नेशियसच्या उत्तरायुष्यातील दोन गोष्टी त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत. आयुष्यभर उभा केलेला येशू संघ उद्या विसर्जित झाला तर काय कराल, या संदर्भात ते म्हणाले होते, की पाव तास प्रार्थनेत बसलो की पुरे होईल. मग मे १५५५ मध्ये कार्डिनल काराफा हे पॉल चौथे म्हणून पोप निवडले गेले. त्यांचे आणि इग्नेशियसचे पूर्वीपासून पटत नव्हते, आणि संघाचे भवितव्य आता त्यांच्या हातात होते. बातमी कळली तेव्हा इग्नेशियसच्या अंगातील सारी हाडे थरथरली, असे जवळच्यांनी लिहून ठेवले आहे. ते काही न बोलता उठले, लंगडत प्रार्थनामंदिरात गेले. थोड्या वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता, आणि नव्या पोप महाशयांविषयी ते चांगले बोलू लागले.